घरच्या कर्जाचा बोजा उतरवताना: डीड ऑफ ट्रस्टमधला ट्रस्टी बदलायचा कसा

२०२१ च्या सुरुवातीला ३० वर्षांच्या गृहकर्जाचा रेट ३ टक्क्यांच्या खाली होता आणि आमचं कॅलिफोर्नियातलं अख्खं फ्रीमाँट रिफायनान्स करायला, म्हणजे जुनं कर्ज फेडून स्वस्तातलं नवं घ्यायला धावलं, त्यात आम्हीपण. कागदपत्रं दिली, रेट लॉक झाला, आता नुसत्या सह्या राहिल्या असं वाटत असताना एस्क्रोवाल्या (व्यवहाराचे कागद आणि पैसे सांभाळणाऱ्या कंपनीतल्या) बाईंचा फोन आला की तुमच्या घरावर अजून एक कर्ज दिसतंय, ६०,००० डॉलरचं, ते कोणाचं? मी ठामपणे सांगितलं आमचं नाहीच, दुसऱ्या कोणाचं तरी चुकून आलं असेल. त्यांनी नाव वाचून दाखवलं तर माझ्या सख्ख्या मामाचं.

झालं असं होतं की २०१२ मध्ये मागची खोली वाढवताना मामाने पैसे दिले होते, आणि मामा हिशेबाला पक्का असल्यामुळे रीतसर नोट (कर्ज फेडण्याचा लेखी करार) लिहून, घरावर डीड ऑफ ट्रस्ट (घर तारण ठेवल्याचा कागद) काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कचेरीत, रेकॉर्ड करून दिले होते. २०१८ मध्ये आम्ही शेवटचा हप्ता दिला, मामाने नोटवर मोठ्या अक्षरात पूर्ण फिटलं असं लिहून सही करून ती परत दिली, मामीने पेढे दिले, आणि विषय संपला. म्हणजे आमच्यासाठी संपला. काउंटीच्या दप्तराला पेढे मिळाले नव्हते.

गावाकडे सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा असतो ना, आणि कर्ज फेडून दाखला आणला तरी तलाठ्याकडे जाऊन तो बोजा उतरवेपर्यंत तो तिथेच असतो, अगदी तसंच. आणि तो उतरवायच्या नादात आम्हाला ट्रस्टी बदलावा लागला. तेव्हा जे शिकले ते इथे लिहून ठेवते, कारण आपल्या लोकांत घरातल्या घरात दिलेली कर्जं भरपूर आहेत आणि हा शेवटचा कागद करायचा असतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मी वकील नाही. भाऊबंदकी असेल, कोणी पैसे फिटलेच नाहीत म्हणत असेल, तर सरळ वकील गाठा.

आधी कोण कोण ते समजून घ्या, कारण फॉर्ममधल्या तीन शब्दांपैकी दोन ऐकायला सारखेच आहेत आणि तिथेच घोळ होतो. कर्ज घेणारा, म्हणजे घराचा मालक, तो ट्रस्टर. पैसे देणारा तो बेनिफिशियरी. आणि या दोघांच्या मधे उभा केलेला तिसरा, तो ट्रस्टी. ट्रस्टीकडे घराची मालकी कागदोपत्री, नावापुरती असते आणि कामं त्याची दोनच: कर्ज थकलं तर घर लिलावात काढायचं, आणि फिटलं तर घर मोकळं झाल्याचा कागद करून द्यायचा. या मोकळं करण्याला रीकन्व्हेयन्स म्हणतात. ट्रस्टी म्हणून बहुतेक वेळा टायटल कंपनीचं (घराची मालकी आणि बोजे तपासून त्याचा विमा देणारी कंपनी) नाव छापलेलं असतं, आणि खरी गंमत म्हणजे घरगुती कर्जात त्या कंपनीला पुष्कळदा पत्तासुद्धा नसतो की आपण अमक्याच्या घराचे ट्रस्टी आहोत. फॉर्मवर नाव होतं, भरणाऱ्याने तसंच राहू दिलं, एवढंच.

दोन गैरसमज इथेच काढून टाकू. एक, लिव्हिंग ट्रस्टचा ट्रस्टी हा वेगळा. मुलांसाठी, वारसांसाठी जो फॅमिली ट्रस्ट करतो त्याचा ट्रस्टी बदलायचा असेल तर ट्रस्टचा दस्तऐवज काढून त्यात काय लिहिलंय ते बघायचं, या लेखाचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरं, हे सगळं कॅलिफोर्नियाचं आहे. न्यू जर्सी, न्यूयॉर्कला साधं मॉर्गेज असतं, तिथे हा तिसरा माणूसच नाही, तेव्हा एडिसनच्या मंडळींनी इथूनच परत फिरलं तरी चालेल. टेक्सासात डीड ऑफ ट्रस्ट असतो पण कर्ज फिटल्यावर देणाराच रिलीज ऑफ लीनवर (बोजा सोडल्याचा कागद) सही करतो, ट्रस्टीच्या मागे लागावं लागत नाही. कोलोरॅडोत काउंटीचा सरकारी पब्लिक ट्रस्टी असतो. आणि सिॲटल, बेलव्ह्यूवाल्यांनी खास लक्ष द्या: वॉशिंग्टन राज्यात ट्रस्टी कोण होऊ शकतो याची कायद्यात यादीच आहे, टायटल कंपनी, तिथला वकील, बँक वगैरे, आणि पैसे देणारा स्वतः ट्रस्टी होऊच शकत नाही. त्यामुळे मी खाली सांगतेय ती युक्ती तिकडे चालणार नाही.

आता मुख्य गोष्ट. ट्रस्टी बदलायचा अधिकार पैसे देणाऱ्याचा. कर्ज घेणाऱ्याचा नाही. आणि जुन्या ट्रस्टीची सही, परवानगी, ना हरकत, काहीही लागत नाही. हे मला कळायला तीन आठवडे लागले, कारण मी आपली जुन्या ट्रस्टीलाच शोधत बसले होते. ती छोटी टायटल कंपनी मधल्या काळात दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झालेली, त्या मोठ्या कंपनीला फोन केला की आधी अर्धा तास संगीत ऐकायचं, मग तिथले लोक म्हणणार ओरिजिनल नोट पाठवा, ओरिजिनल डीड ऑफ ट्रस्ट पाठवा, फी पाठवा, मग काही आठवड्यांनी बघू. नोट होती, डीड ऑफ ट्रस्टचं ओरिजिनल कोणाकडेच सापडेना. शेवटी एस्क्रोवाल्या बाईंनाच माझी दया आली आणि त्या म्हणाल्या, अगं तुझ्या मामाला सांग ना स्वतःलाच ट्रस्टी करून घ्यायला.

कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडचं कलम २९३४ए यासाठी आहे. बेनिफिशियरी, आणि ते एकापेक्षा जास्त असतील तर सगळे, एका कागदावर सही करतात, नोटरीपुढे कबूल करतात, आणि तो कागद घर ज्या काउंटीत आहे तिथे रेकॉर्ड करतात. हा कागद म्हणजे सबस्टिट्यूशन ऑफ ट्रस्टी. एकाच कर्जात पुष्कळ गुंतवणूकदारांनी थोडे थोडे पैसे घातलेले असतील तर ५० टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेल्यांच्या सह्या पुरतात अशी सोय त्या कलमात आहे, पण घरगुती कर्जात तो प्रश्न येत नाही. घरगुती कर्जात प्रश्न येतो तो मामीचा. डीड ऑफ ट्रस्टवर बेनिफिशियरी म्हणून मामा आणि मामी दोघांची नावं असतील तर दोघांच्याही सह्या लागणार, चेक कोणी दिला होता याला अर्थ नाही.

कर्ज फिटलेलं असेल तर दोन कागद वेगळे करायची गरज नाही. सबस्टिट्यूशन ऑफ ट्रस्टी अँड फुल रीकन्व्हेयन्स असा जोड फॉर्म मिळतो, वरच्या भागात पैसे देणारा जुना ट्रस्टी काढून नवा नेमतो, खालच्या भागात तो नवा ट्रस्टी घर मोकळं करून देतो. नवा ट्रस्टी म्हणून पैसे देणाऱ्याने स्वतःचंच नाव घातलं तरी चालतं, कलम २९४१ मध्ये तर बेनिफिशियरीने स्वतःला किंवा दुसऱ्या कोणाला ट्रस्टी नेमावं असं सरळ लिहिलेलं आहे. फॉर्म सॅक्रामेंटो काउंटीच्या पब्लिक लॉ लायब्ररीच्या साइटवर आहे, सूचनांसकट, टायटल कंपनीवालेही देतात. त्यासाठी कोणाला ३००–४०० डॉलर देऊ नका.

फॉर्म भरायच्या आधी रेकॉर्ड झालेल्या डीड ऑफ ट्रस्टची कॉपी हातात घ्या. घरातल्या फायलीतली सही न केलेली प्रत नाही, काउंटीचा शिक्का आणि डॉक्युमेंट नंबर असलेली. काउंटी रेकॉर्डरच्या साइटवर नावाने शोधलं की इंडेक्समध्ये नंबर आणि तारीख दिसते, पूर्ण कागद मात्र मागवावा लागतो किंवा जाऊन घ्यावा लागतो. इथे एक सांगते, काउंटी कुठली ते नीट बघा, कारण फ्रीमाँट अलामेडा काउंटीत आहे आणि ऑफिस ओकलंडला, पण शेजारचं मिलपिटास सँटा क्लारा काउंटीत आहे, त्यांचं ऑफिस सॅन होजेला. पाच मिनिटांच्या अंतरावरची घरं आणि दप्तरं दोन टोकांना.

कायद्याप्रमाणे सबस्टिट्यूशनमध्ये चार गोष्टी हव्यातच: डीड ऑफ ट्रस्ट रेकॉर्ड झाल्याची तारीख, ट्रस्टरचं नाव, डॉक्युमेंट नंबर (जुन्या कागदाला बुक आणि पेज), आणि नव्या ट्रस्टीचं नाव. बाकी घराचं लीगल डिस्क्रिप्शन (जागेचं कायदेशीर वर्णन) आणि एपीएन (काउंटीने जागेला दिलेला) नंबरही मी डीडवरून जसाच्या तसा उतरवला, स्वल्पविरामासकट. तारखेत गंमत असते, डीडवर सही केल्याची तारीख वेगळी आणि रेकॉर्ड झाल्याची वेगळी. इथे रेकॉर्डची हवी, ती वरच्या शिक्क्यावर असते.

आणि नावं. हा आपला खास मराठी प्रॉब्लेम. डीडवर आमच्या यांचं नाव वडिलांच्या नावासकट पूर्ण छापलंय, माझ्या नावात मधलं नाव नुसतं एक अक्षर, मामाचं आडनाव आणि नाव एकदा उलटसुलट झालेलं. आपण हल्ली काय नाव लावतो ते विसरा, डीडवर जे आहे तेच फॉर्मवर घाला. लग्नानंतर किंवा सिटिझनशिप घेताना नाव बदललं असेल तर नवं नाव आणि पुढे पूर्वीचं अमुक असं दोन्ही लिहा, कारण इंडेक्स नावावर चालतो, आणि उद्या घर विकताना टायटल कंपनी नावं जुळवूनच बघणार.

कागद कसा दिसावा याचेही नियम आहेत आणि ते क्षुल्लक वाटले तरी रेकॉर्डर त्यासाठीच परत पाठवतो. साडेआठ बाय अकराचा पांढरा कागद (इंडियात छापणार असाल तर ए फोर घालू नका, प्रिंटवाल्याला आधी सांगा), पहिल्या पानावर वर उजवीकडे पाच इंच रुंद आणि अडीच इंच उंच जागा मोकळी, ती रेकॉर्डरच्या शिक्क्यांसाठी. वर डावीकडे कोणी रेकॉर्ड करायला दिलंय आणि रेकॉर्ड झाल्यावर कोणाला पाठवायचं तो पत्ता.

रीकन्व्हेयन्सच्या भागात एक वाक्य असतं की कुठलीही हमी न देता परत करत आहे. मामा त्यावर अडला, हमी न देता म्हणजे काय, मी काय फसवतोय का तुम्हाला? ते तसंच असतं, सगळ्यांच्या फॉर्मवर तेच वाक्य आहे, कायद्याने ज्यांचा हक्क आहे त्यांना घर मोकळं करून दिलं एवढाच त्याचा अर्थ.

आता सह्या. जोड फॉर्मवर सही दोनदा लागते, दोनदा, एकच माणूस असला तरी. वरच्या भागाखाली बेनिफिशियरी म्हणून आणि खालच्या भागाखाली ट्रस्टी म्हणून. आणि दोन्ही सह्या नोटरीच्या ॲक्नॉलेजमेंटमध्ये (सही याच माणसाची असा नोटरीचा दाखला) आल्या पाहिजेत. कॅलिफोर्नियात असाल तर हे १५ मिनिटांचं काम, नोटरीला एका सहीचे जास्तीत जास्त १५ डॉलर घेता येतात, नोटरी तुमचं लायसन्स बघते आणि घरासंबंधीचा कागद म्हणून आपल्या वहीत उजव्या अंगठ्याचा ठसाही घेऊ शकते. आमच्या शेजारचे काका त्यावर रुसले होते, शिकलेल्या माणसाचा अंगठा घेतात म्हणून. २०१५ पासून ॲक्नॉलेजमेंटच्या वर चौकटीत एक सूचना असावी लागते की नोटरीने फक्त ओळख तपासलीय, कागदातल्या मजकुराची खात्री दिलेली नाही. इंटरनेटवरच्या जुन्या फॉर्मवर ती चौकट नसते, तेवढं बघा.

पण मामा कॅलिफोर्नियात नव्हता. रिटायर होऊन तो पुण्याला कोथरूडला राहायला गेला होता, आणि इथून पुढे खरी मजा सुरू होते.

मामाचं पहिलं म्हणणं, शिवाजीनगर कोर्टाबाहेर इतके नोटरी बसतात, १० मिनिटांत शिक्का मारून आणतो. तो शिक्का इथे तसा चालत नाही. इंडियातल्या नोटरीच्या शिक्क्यावर अपॉस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारने दिलेला दाखला) लागतं, इंडिया २००५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे म्हणून ते मिळतं तरी, पण आधी राज्य सरकारच्या पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर, मध्ये एजंट. दुसरा रस्ता म्हणजे मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेट, तिथले अधिकारी नोटरीचं काम करतात, एका शिक्क्याला ५० डॉलर, अपॉइंटमेंट ऑनलाइन. आपण अमेरिकन नागरिक असलंच पाहिजे असं नाही. पैसे जास्त पण अपॉस्टीलची भानगड नाही, म्हणून आम्ही तेच ठरवलं. तिसरा रस्ता पॉवर ऑफ ॲटर्नीचा, मामाने इथल्या मामेभावाला अधिकार द्यायचा आणि त्याने सही करायची, पण ती पॉवर ऑफ ॲटर्नीसुद्धा आधी नोटराइझ करून त्याच काउंटीत रेकॉर्ड करावी लागते, म्हणजे फिरून पहिल्याच ठिकाणी. ज्यांना पुढे अजून कागद करायचे असतील त्यांच्यासाठी ठीक आहे.

करोनामुळे अपॉइंटमेंट मिळायलाच बरेच दिवस गेले. मी इथून कागद कुरियरने पाठवले, सही करायच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या लावून. म्हणजे एक चिठ्ठी लावली. दुसरी सहीची जागा दुसऱ्या पानावर होती आणि ती मी विसरले. मामा पहाटे उठून शिवनेरीने मुंबईला गेला, रांगेत उभा राहिला, आत मोबाइल नेता येत नाही त्यामुळे विचारायचीही सोय नाही, चिठ्ठी लावली होती तिथे इमानेइतबारे सही करून परत आला. रात्री मामीने फोटो पाठवला आणि मी डोक्याला हात लावला. मामा काही बोलला नाही, मामी मात्र फोनवर म्हणालीच, अगं पेढे खाल्ले त्या दिवशी तो तिथेच तर होता, तुमच्या सोफ्यावर, तेव्हा सही घ्यायला काय झालं होतं?

काही झालं नव्हतं. म्हणूनच जे आत्ता कोणाकडून घरगुती कर्ज घेऊन बसलेत त्यांना सांगते, शेवटचा चेक द्यायला जाल तेव्हा भरलेला फॉर्म आणि मोबाइल नोटरी (घरी येऊन काम करणारी) दोन्ही बरोबर घेऊन जा. लोकांना वाटतं हे विश्वास नसल्यासारखं दिसेल. अजिबात नाही, उलट देणाऱ्याच्याही मागचं शुक्लकाष्ठ सुटतं, कारण कायद्याने ते कामच त्याचं आहे. कलम २९४१ प्रमाणे कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत बेनिफिशियरीने नोट, डीड आणि रीकन्व्हेयन्सची विनंती ट्रस्टीकडे द्यायची, आणि ती मिळाल्यापासून २१ दिवसांत ट्रस्टीने रीकन्व्हेयन्स रेकॉर्ड करायचं. ६० दिवस होऊनही ट्रस्टीने केलं नाही तर तुम्ही लेखी मागणी केल्यावर बेनिफिशियरीला ट्रस्टी बदलून ते करून द्यावं लागतं. ७५ दिवस उलटले तर टायटल इन्शुरन्स कंपनीला आधी नोटीस देऊन स्वतःच रिलीज रेकॉर्ड करता येतं, त्यांची इच्छा असेल तर. जो हे करत नाही त्याला नुकसानभरपाई अधिक ५०० डॉलर असा दंडही आहे. आता सख्ख्या मामावर कोण दावा लावणार, पण बँक किंवा खासगी सावकार टाळाटाळ करत असेल तर पत्रात हे कलम लिहून पाठवा, उत्तर लवकर येतं.

दुसऱ्या फेरीत दोन्ही सह्या झाल्या, दोन शिक्के, १०० डॉलर, कुरियरचे वेगळे. रेकॉर्डरला शाईची सही असलेला मूळ कागद लागतो, स्कॅन ईमेल करून चालत नाही, म्हणून कुरियर ट्रॅकिंगवाला घ्या आणि तो पाठवायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो मागवा. मी मागवला, या वेळी.

रेकॉर्डिंगला प्रत्यक्ष गेलात तर त्याच दिवशी नंबर मिळतो, पोस्टाने पाठवलंत तर चेक बरोबर जोडा. खर्चाचं गणित असं की पहिल्या पानाची फी, मग प्रत्येक जास्तीच्या पानाचे थोडे डॉलर, आणि त्यावर २०१८ पासून लागू झालेली ७५ डॉलरची राज्याची हाउसिंगची फी, ही एकटीच बाकी सगळ्यांपेक्षा मोठी. जोड फॉर्मला दोन शीर्षकं असल्यामुळे काही ठिकाणी पहिल्या पानाची फी दोनदा धरतात, तेव्हा चेक लिहायच्या आधी काउंटीला फोन करा, कमी रकमेचा चेक गेला तर अख्खं पाकीट परत येतं. ट्रान्सफर टॅक्स लागत नाही कारण मालकी कोणाकडे गेलेलीच नाही, आणि घर विकत घेताना तो मालकी बदलाचा लांबलचक फॉर्म भरतो तोही इथे लागत नाही.

आमचा रेट लॉक तोपर्यंत अर्थातच संपला होता. वाढवून घ्यायचे पैसे भरले. एस्क्रोने नवा टायटल रिपोर्ट काढला, त्यात मामा नव्हता, आणि मला उगाचच थोडं वाईट वाटलं.

हे झालं फिटलेल्या कर्जाचं. ट्रस्टी बदलायचं दुसरं कारण याच्या बरोबर उलटं, कर्ज थकलंय आणि पैसे देणाऱ्याला लिलावाकडे जायचंय. तिथे स्वतः ट्रस्टी होण्याच्या फंदात पडू नका. कायद्याने बंदी आहे म्हणून नाही, पण नोटीस ऑफ डिफॉल्ट (कर्ज थकल्याची नोटीस), त्यानंतर किमान तीन महिने, मग विक्रीची नोटीस, त्यानंतर किमान २० दिवस, पेपरात जाहिरात, कोणाकोणाला रजिस्टर्ड पोस्टाने काय पाठवायचं, यात एक पत्र चुकलं तरी सगळं पहिल्यापासून. हेच काम रोज करणाऱ्या फोरक्लोजर ट्रस्टी कंपन्या असतात, त्यांना नेमायचं, आणि तेव्हा नुसतं सबस्टिट्यूशन वेगळं रेकॉर्ड करायचं. नोटीस ऑफ डिफॉल्ट रेकॉर्ड झाल्यानंतर, पण विक्रीच्या नोटिशीच्या आधी ट्रस्टी बदलत असाल तर त्याची प्रत जुन्या ट्रस्टीला आणि डिफॉल्टची नोटीस ज्यांना ज्यांना जाते त्या सगळ्यांना पाठवावी लागते, आणि पाठवल्याचं ॲफिडेव्हिट कागदाला जोडावं लागतं. हे जोडलं नाही म्हणून नंतर कोर्टात भांडणं होतात.

आणि तुम्ही कर्ज घेणारे असाल आणि एक दिवस पोस्टात सबस्टिट्यूशन ऑफ ट्रस्टीची कॉपी आली तर? हप्ते वेळेवर चालू असतील किंवा नुकतंच रिफायनान्स झालं असेल तर घाबरायचं कारण नाही, बँका आपल्या सोयीने हे करतात, तुमच्या कर्जाच्या अटी त्याने बदलत नाहीत, हप्ता कोणाला भरायचा तेही बदलत नाही. पण हप्ते थकले असतील तर तो कागद बाजूला ठेवू नका, पुढचा कागद बहुधा डिफॉल्टची नोटीस असतो. बँकेला त्याच आठवड्यात फोन करा, आणि हडची (अमेरिकन सरकारचं गृहनिर्माण खातं) मान्यता असलेले हाउसिंग काउन्सेलर असतात, त्यांच्याशी बोला. घर वाचवून देतो म्हणून आधी पैसे मागणारे लोक याच वेळी दारात येतात.

पैसे देणारा वारला असेल तर सही वारसाने नुसती करून चालत नाही. प्रोबेट (वारसाहक्काच्या) कोर्टाने नेमलेला प्रतिनिधी, किंवा कर्ज फॅमिली ट्रस्टच्या नावाने दिलेलं असेल तर त्या ट्रस्टचा पुढचा ट्रस्टी (हो, हा तो दुसरा ट्रस्टी), त्याने आपल्या अधिकाराचा कागद जोडून सही करायची. आणि देणारा सापडतच नसेल तर मूळ कर्जाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त रकमेचा बाँड देऊन बोजा उतरवायची तरतूद आहे, ती महाग आहे. नुसतं वाट बघत बसलं तर कर्जाची शेवटची तारीख रेकॉर्डवर दिसत असेल तर त्या तारखेपासून १० वर्षांनी बोजा कालबाह्य होतो, तारीख दिसत नसेल तर रेकॉर्ड केल्यापासून ६० वर्षांनी. आमच्या डीडवर शेवटची तारीख नव्हती, मी हिशेब केला, २०७२.

रेकॉर्ड झालेला मूळ कागद काही आठवड्यांनी पोस्टाने घरी येतो. त्यावरचा डॉक्युमेंट नंबर फोनमध्ये ठेवा, कागद घराच्या फायलीत, आणि एक स्कॅन देणाऱ्यालाही पाठवा, मामाने तर प्रिंट काढून मामीला दाखवला म्हणे. त्याच सुमारास सरकारी दिसणाऱ्या पाकिटांतून पत्रं यायला लागतील, तुमच्या डीडची प्रमाणित प्रत घ्या, फक्त ९० डॉलर किंवा असंच काहीतरी. ती सरकारी नसतात, तीच प्रत काउंटी थोड्या डॉलरमध्ये देते. आमच्याकडे अशी चार आली, चौथ्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर सध्या किराण्याची यादी आहे.